आकाशातील ऊ : घरी बांधलेल्या विमानांची एक हकीकत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत विमानांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. आमचे उत्तर साधे आहे. परप्रांतात राहणाऱ्या आपणा मंडळींस स्वतःच्या हाताने वस्तू उभ्या करण्याची सवय आहे. गणपतीचे मखर आपणच ठोकतो, नाटकाचे पडदे आपणच रंगवितो आणि प्रयोगाच्या रात्री एखादा पडदा अडकला, तर त्याचा दोषही आपल्याच माथी घेतो. हीच हौस बाळगून काही माणसांनी घराच्या पडवीत, गोठ्यात वा गच्चीवर चक्क विमाने बांधली. तेथे मात्र पडदा अडकून भागत नाही.

मराठी माणसासमोर हा विषय काढला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघतेच. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडविले, ही कथा आम्हीही बालपणी ऐकली आणि अभिमानाने इतरांस सांगितली. परंतु त्या उड्डाणास विश्वासार्ह असा समकालीन पुरावा नाही. ज्या वैमानिकशास्त्राचा या कथेच्या संदर्भात हवाला दिला जातो, तो ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली तपासला. त्यांतील याने उडणे शक्य नाही आणि ग्रंथही प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आम्हांस वाईट वाटले, हे कबूल करतो. पण ज्या कथेस पुरावा आहे ती सांगणेच बरे. म्हणून आपण फ्रान्सकडे वळू.

आंरी मिन्ये यांचा जन्म १८९३ चा. व्यवसायाने ते रेडिओतंत्रज्ञ. विमानविद्येचे शिक्षण नाही. नेहमीच्या विमानात चालकाने हाताने दांडा व पायांनी पट्टे एकाच वेळी हाताळावे लागतात. हा मेळ मिन्ये यांस काही केल्या साधेना. सामान्य माणसाने दुसरे काहीतरी शिकले असते. या गृहस्थांनी ठरविले की दोष आपला नसून विमानाचा आहे. एकामागून एक आराखडे झाले, बहुतेक फसले. चौदाव्या आराखड्याचे विमान मात्र सप्टेंबर १९३३ मध्ये उडाले. त्यासाठी ते पॅरिसपासून दूर, सोआसाँजवळच्या रानात तंबू ठोकून राहिले होते.

हे विमान पाहणाऱ्यास प्रथम हसूच येई. लांबीला जेमतेम मोटारीएवढे, लाकूड व प्लायवुडचे, वर कापड ताणलेले आणि मोटारसायकलच्या जातीचे सतरा अश्वशक्तीचे इंजिन. दोन पंख एकामागे एक. मागचा किंचित खाली. पायांना काम नाहीच. दांडा पुढेमागे केला की अख्खा पुढचा पंखच बिजागरीवर कलून चढ-उतार घडवी. दांडा डावी-उजवीकडे केला की मोठे सुकाणू वळे. मिन्ये यांनी त्याचे नाव ठेवले ‘पू द्यु सिएल’, म्हणजे शब्दशः आकाशातील ऊ! इंग्रजांना ऊ रुचली नसावी. त्यांनी तिची पिसू केली. आमच्या मते मूळचे नावच अधिक प्रामाणिक.

१९३४ साली मिन्ये यांनी विमानाचे सर्व नकाशे व कृती एका पुस्तकात छापली. कोणते लाकूड घ्यावे, सरस कसा लावावा, कापड कसे ताणावे, सारे काही एखाद्या पाकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे. कारकून, शिक्षक, गॅरेजवाले, कॉलेजातील पोरे, सर्वांनी करवती उचलल्या. ऑगस्ट १९३५ मध्ये मिन्ये स्वतः आपल्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडात उतरले आणि तेथेही एकच झुंबड उडाली. दोन्ही देशांत मिळून शेकडो घरांत विमाने आकार घेऊ लागली. आजवर श्रीमंतांची असलेली चैन सुताराच्या बाकावर येऊन बसली होती. हा आनंद आम्ही आजही समजू शकतो.

त्यानंतर अपघात सुरू झाले. विमान सरळ जात असता नाक खाली झुके आणि पुन्हा वर येईनाच. तसेच ते जमिनीत घुसे. १९३६ च्या वसंतात ब्रिटनमध्ये काही आठवड्यांच्या अंतराने असे मृत्यू झाले. मृतांत केवळ नवशिके असते, तर दोष हौसेवर ढकलून लोक मोकळे झाले असते. परंतु त्यांत हवाई दलाचे मुरलेले वैमानिकही होते.

तेव्हा एक खरे विमानच फार्नबरो येथील सरकारी प्रयोगशाळेत नेऊन मोठ्या वातविवरात, म्हणजे ज्यात पंख्याने वारा सोडून विमानावरील त्याचा जोर मोजता येतो अशा भुयारात, टांगण्यात आले. फ्रान्समध्येही शाले-म्यूदाँ येथे तशीच परीक्षा झाली. उत्तर जे निघाले ते अंगावर काटा आणणारे होते. नाक खाली गेले की कोणताही चालक दांडा मागे ओढणारच. दांडा ओढला की पुढच्या पंखाचा मागचा काठ खाली येई आणि मागच्या पंखाच्या अगदी जवळ जाई. दोहोंमधील फट अरुंद होऊन वारा तीतून वेगाने सुटे; त्याने मागच्या पंखाचीच उचल वाढे. शेपूट वर, नाक आणखी खाली! सुमारे पंधरा अंशांहून अधिक तीव्र सूर लागला, की चालक जितका जोराने दांडा ओढी तितका तो मृत्यूच्या जवळ जाई. जो उपाय हाताला सुचावा, तोच घातक.

हा दोष मिन्ये यांस ठाऊक नव्हता. त्यांचे विमान त्यांच्या हाती, त्यांच्या वजनाला व त्यांच्या इंजिनाला नीट उडत होते. दुसऱ्याने त्यात जड मोटारीचे इंजिन बसविले, तिसऱ्याने पंखाची मापे बदलली आणि तोल सरकत गेला. ब्रिटनमध्ये नव्या परवानग्या थांबल्या. मिन्ये यांनी हार मानली नाही. पंखांमधील अंतर, त्यांचा छेद, बिजागरीची जागा यांत बदल करून त्यांनी दोष दूर केला. पुढे अमेरिका व अर्जेंटिना या देशांतही त्यांनी काम केले. १९६५ साली ते वारले. सुधारलेल्या धाटणीची त्यांची दुपंखी विमाने नंतरही निर्वेध उडत राहिली. पण लोकांच्या स्मरणात राहिले ते १९३६ सालच.

आमची उभी हयात सरकारी फायलींत गेली. ‘परवानगी देता येत नाही’ हा शेरा आम्हीही लिहिला आहे आणि प्रत्येक वेळी विचारपूर्वक लिहिला, असे छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. म्हणूनच फार्नबरोची गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. तेथील मंडळींनी नुसते ‘नाही’ म्हटले नाही. का नाही, ते मोजून दाखविले. मिन्ये यांस दुरुस्तीची वाट सापडली ती त्या मोजमापामुळेच.

अमेरिकेत याच काळात वेगळाच पेच होता. तेथे नियम इतके आवळत गेले की घरी बांधलेल्या विमानाला कायदेशीर जागाच उरली नाही. ऑरेगॉन राज्यातील लेस लाँग व त्यांच्या भोवतीच्या हौशी मंडळींनी ही कला जिवंत ठेवली. लाँग यांच्या धाटणीवर दुसऱ्याने बांधलेले एक चिमुकले एकआसनी विमान जॉर्ज बोगार्डस यांनी घेतले, त्यात फेरफार केले, त्याचे नाव ‘लिटल जी बी’ ठेवले आणि १९४७ साली अर्ज टपालाने न धाडता ते स्वतःच या विमानातून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, राजधानीत, विमान खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे हजर झाले! अर्जदारच पुरावा घेऊन उडत आल्यावर अधिकारी तरी काय बोलणार? बोगार्डस यांनी १९४९ व १९५१ मध्येही अशाच वाऱ्या केल्या. त्यांच्या खटपटीतून हौशी बांधकामाचा स्वतंत्र वर्ग मान्य झाला. अट अशी की विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः बांधलेला असावा, प्रारंभीची उड्डाणे विरळ वस्तीवर व्हावीत आणि विमानावर ‘प्रायोगिक’ हा शब्द स्पष्ट लिहावा. १९५३ साली पॉल पोबेरेझनी यांनी मिलवॉकी येथे अशा हौशींची संघटना काढली. १९७० पासून ऑशकॉश येथे तिचा जंगी मेळा भरू लागला. ‘लिटल जी बी’ आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

नियम आले तरी फेरफाराचा मोह सुटत नाही. बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझी’ या सुंदर विमानाच्या आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची कळ चालकाच्या पुढ्यात, पायांच्या मधोमध होती. एका बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्याच्या मागे नेली. हेतू चांगला होता : इंधनाच्या नळ्या चालकाच्या कोठडीत नकोत. पुढे ते विमान प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांनी विकत घेतले. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उडत असता टाकी बदलण्यासाठी त्यांस मागे वळावे लागले. वळताना उजव्या पायाचा रेटा सुकाणूवर पडला असावा, असे चौकशीत निष्पन्न झाले. विमान समुद्रात कोसळले व त्यांचा अंत झाला. एक कळ हातभर सरकली होती, एवढेच.

आणि अखेर आपल्या माणसाविषयी. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोंदणीसाठी त्यांस दीर्घकाळ झगडावे लागले. बोगार्डस यांच्यासारखे उडत दिल्लीला जाण्याची सोय त्यांस नव्हती, कारण परवानगीवाचून उडायचे कसे? नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली आणि भारतीय विमानांच्या नावाआधी येणारी ‘व्हीटी’ ही दोन अक्षरे गच्चीवर जन्मलेल्या या विमानास मिळाली. उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये आली. ती बातमी आम्ही कचेरीतच वाचली आणि समोरची फाईल बाजूस सारण्याआधी तिच्यातील अर्जदाराचे म्हणणे आणखी एकदा, पहिल्यापासून वाचून काढले.