चाचणी घरी आली, पुढे जोडीदाराकडे

1985च्या मार्चमध्ये अमेरिकेत एचआयव्हीची पहिली रक्तचाचणी मंजूर झाली ती रक्तपेढ्यांसाठी. बाटलीतलं रक्त दुसऱ्याला चढवावं की टाकून द्यावं, एवढंच ती सांगायची. ते रक्त ज्याचं, त्याचं पुढे काय? गोव्यात याचं उत्तर भयंकर निघालं. 1989 साली डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याच्या रक्तात विषाणू सापडला आणि त्याला पकडून एका जुन्या क्षयरोग इस्पितळात 64 दिवस डांबलं. कायद्यानेच तशी मुभा दिली होती. निकाल आधी सरकारला, मग माणसाला! घरच्या चाचणीची सगळी धडपड हा क्रम उलटवण्याची आहे.

अमेरिकेत तशी कल्पना तेव्हाच पुढे आलेली होती. पण फोनवर निकाल ऐकून कुणी जीव दिला तर, समुपदेशक समोर नको का, या शंकांपायी परवानगी रखडली. 1996 मध्ये 'कन्फाइड' या घरच्या चाचणीच्या किटला ती मिळाली. बोट टोचायचं, थेंब कागदावर टिपायचे, पाकीट टपालात टाकायचं आणि काही दिवसांनी फोन करून आपला सांकेतिक क्रमांक सांगायचा. नाव सांगावं लागत नसे. कन्फाइड पुढच्याच वर्षी बाजारातून गेलं. पण त्याच सुमारास एकत्रित औषधोपचार आले, आणि निकाल कळून घेण्याला अर्थ आला.

3 जुलै 2012ला निकालही घरातच देणारं 'ओराक्विक' मंजूर झालं. काडी हिरड्यांवरून फिरवायची, द्रावाच्या नळीत उभी करायची आणि 20 मिनिटं थांबायचं. ही काडी विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. म्हणून संसर्ग ताजा असेल तर ती फसते, आणि दोन रेघा दिसल्या, म्हणजे निकाल पॉझिटिव्ह आला, तरी चाचणी केंद्रात जाऊन खात्री करावी लागते. त्याच महिन्याच्या 16 तारखेला ट्रुवाडा ही गोळी प्रतिबंधासाठीही मंजूर झाली. आता 'निगेटिव्ह' येणाऱ्यालाही हातात देण्यासारखं काही होतं.

घरची चाचणी मग जोडीदारापर्यंतही गेली. केनियातल्या किसुमूमध्ये गरोदर आणि बाळंत बायकांच्या हाती नवऱ्यासाठी किट दिलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्यापैकी सुमारे 91 टक्के जणींनी नवऱ्याने चाचणी केल्याचं सांगितलं. ज्यांच्या हाती दवाखान्याचं नुसतं बोलावणं दिलं, त्यांच्यात हा आकडा 52 टक्क्यांच्या आसपास राहिला. आकडे बायकांच्या सांगण्यावरचे आहेत, हे विसरू नये. घरात मारहाण होत असेल तर नवऱ्यापुढे किट ठेवणं सोपं नाही, हेही.

मलावीतल्या ब्लांटायरचा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. तिथे नवऱ्याने चाचणी करून दवाखान्यातही यावं, अशी अपेक्षा होती: पॉझिटिव्ह असेल तर उपचारांसाठी, नसेल तर संसर्गाचा धोका कमी करणाऱ्या सुंतेसाठी. नुसतं किट दिलेल्या गटात पाचांतला एकही धड पोचला नाही. आल्यावर 10 डॉलर मिळतील असं सांगितलं, तिथे निम्मे पोचले. 3 डॉलरवरही दहांतले चार आले.