फिडल लीफ फिग: हे महागडं झाड घरात आलं की पानं का गाळतं?

इन्स्टाग्रामवर घराच्या सजावटीचे फोटो पाहत असाल तर हे झाड तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. पांढरी भिंत, करडा सोफा आणि कोपऱ्यात छातीइतकं उंच, मोठाल्या चकचकीत पानांचं एक झाड. त्याचं नाव फिडल लीफ फिग. गेल्या दहा-बारा वर्षांत ते सोशल मीडियावर इतकं गाजलं, की आता आपल्या नर्सऱ्यांमध्येही ते हमखास मिळतं. मनी प्लांटच्या कितीतरी पट किंमत मोजून लोक ते घरी आणतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्याची पानं टपाटप गळायला लागतात. मग "हे झाड फार नखरेल" किंवा "माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत" असं म्हणून रिकामी कुंडी बाल्कनीत जाते.

त्या झाडाची बाजू मात्र कुणी ऐकून घेत नाही. ती आज ऐकूया.

हा तर वडा-पिंपळाचा नातलग!

फिडल लीफ फिगचं शास्त्रीय नाव फायकस लायराटा. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १८९४ मध्ये ते दिलं. पानाचा आकार मध्ये निमुळता आणि टोकाकडे रुंद, म्हणजे लायर या जुन्या ग्रीक तंतुवाद्यासारखा, म्हणून 'लायराटा'. इंग्रजांना त्यातच फिडल, म्हणजे व्हायोलिन दिसलं. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर हे सगळे याच फायकस कुळीतले. देठ मोडला की वडासारखाच पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला आणि तोंडाला झोंबतो, त्यामुळे घरात रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर झाड त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा.

याचं मूळ घर पश्चिम आफ्रिकेतली, सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतची सखल, दमट जंगलं. तिथे ते १२ ते १५ मीटर उंच वाढतं. एकेक पान ४५ सेंटीमीटरपर्यंत लांब होऊ शकतं. गंमत म्हणजे तिथे ते अनेकदा जमिनीवर रुजतच नाही. दुसऱ्या झाडाच्या फांदीवर, उंचावर त्याचं बी पडतं, तिथेच रुजतं आणि मग मुळं खाली सोडतं. आपल्याकडे जुन्या इमारतीच्या भिंतीतून पिंपळ उगवतो ना, तसलाच प्रकार.

या एका गोष्टीत त्याच्या सगळ्या 'नखऱ्यांचं' उत्तर आहे. जे रोप जंगलाच्या माळ्यावर जन्माला येतं, त्याला भरपूर उजेड मिळतो आणि त्याच्या मुळांभोवती हवा खेळत असते. आपण त्याला काय देतो? सोफ्यामागचा कोपरा आणि सतत ओली माती.

कोपऱ्यातला उजेड आपल्याला दिसतो, झाडाला पुरत नाही

माणसाचा डोळा याबाबतीत फसवा आहे. भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. खिडकीला लागून, थेट ऊन नसेल तर काही हजार लक्स. आणि खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलात की तो अनेकदा काहीशे लक्सवर आलेला असतो. आपली बाहुली मोठी होते, तिथेही पेपर आरामात वाचता येतो, म्हणून आपल्याला खोली 'चांगली उजेडाची' वाटते. झाडाला मात्र त्या उजेडावर अन्न तयार करायचं असतं. लक्स मोजणारी मोफत ॲप्स मोबाइलवर मिळतात. ती अगदी अचूक नसली तरी खिडकी आणि कोपरा यांतला फरक दाखवायला पुरेशी आहेत. एकदा मोजून बघाच, आकडा पाहून धक्का बसेल.

आता पानं गळण्याकडे येऊ. नर्सरीत हे झाड शेडनेटखाली, पण भरपूर उजेडात वाढलेलं असतं. त्याची पानं त्या उजेडाच्या हिशेबाने बनलेली असतात. आपण त्याला एका दिवसात दिवाणखान्यात आणून ठेवतो. मिळणाऱ्या उजेडात तेवढ्या पानांचा खर्च निघत नाही, मग झाड खर्चकपात करतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, तो सुटतो आणि पान गळून पडतं. या कामात इथिलीन वायूचा मोठा हात असतो. हो, केळी पिकवणारा तोच इथिलीन. १९७० च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी फायकसच्या झाडांवर यासाठी मुद्दाम काम केलं. विक्रीआधी काही काळ झाडं कमी उजेडात ठेवून सरावली, तर घरात गेल्यावर ती खूप कमी पानं गाळतात, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे एवढी तयारी करून झाड विकणारी नर्सरी विरळाच, तेव्हा ते काम आपल्याला करावं लागतं. नवं झाड पहिले काही आठवडे घरातल्या सर्वात उजेडाच्या जागी ठेवा आणि तिथून हलवू नका. पाहुणे येणार म्हणून आज इकडे, उद्या तिकडे, हे तर अजिबात नको. पहिल्या महिन्यात खालची दोन-चार पानं गेली तर घाबरून पाणी आणि खत वाढवू नका. इतकी गळती व्हायचीच.

अमेरिकेतला सल्ला महाराष्ट्रात का चालत नाही

यूट्यूबवर या झाडाबद्दल सर्वाधिक सल्ले अमेरिका-युरोपातून येतात. त्यांचा शत्रू हिवाळा आहे. बाहेर बर्फ, आत हीटरची कोरडी हवा, म्हणून ते ह्युमिडिफायर लावा म्हणतात आणि हिवाळ्यात पाणी तोडा म्हणतात. तिकडे हे झाड घरात ठेवणं ही सक्ती आहे. आपल्याकडे मुंबई, कोकण, गोवा इथली हवा या झाडाला जवळजवळ माहेरची आहे. माझं स्पष्ट मत असं, की बाल्कनी असेल तर याला 'इनडोअर प्लांट' मानूच नका. ते तिथेच जास्त सुखी राहील.

आपलं वेळापत्रक तिकडच्यापेक्षा वेगळं आहे. मुंबई-पुण्यात डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला ४७-४८ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आतपर्यंत येतं. हे कोवळं ऊन झाडाला छान मानवतं. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्याच खिडकीत छज्जामुळे दुपारचं थेट ऊन जवळपास येतच नाही. पश्चिमेच्या खिडकीत मात्र मार्च ते मे दुपारचं ऊन पानं भाजून काढतं, तिथे पातळ पडदा किंवा हिरवी जाळी हवी. सगळ्यात सोयीची पूर्वेची खिडकी. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन, नंतर दिवसभर नुसता उजेड. उत्तरेच्या खिडकीत ठेवायचं असेल तर काचेला अगदी खेटून ठेवा, नाहीतर ग्रो लाइट लावा.

आपल्याकडची खरी परीक्षा पावसाळ्यात असते. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं, उजेड कमी, हवा इतकी दमट की माती आठ-आठ दिवस सुकत नाही. आणि आपण एप्रिलच्याच सवयीने दर दोन दिवसांनी पाणी घालत राहतो! तुमचं झाड गणपतीच्या आसपास गेलं असेल, तर कारण बहुधा हेच. विदर्भ-मराठवाड्यात याच्या उलट, मे महिन्याची कोरडी झळ जास्त त्रास देते. तिथे उन्हाळ्यात झाड खिडकीपासून थोडं आत घ्या, पण कूलर किंवा एसीच्या थेट झोतात ठेवू नका.

पाणी किती? वार बघून नको, माती बघून

"आठवड्यातून एकदा एक ग्लास" हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि तो जवळजवळ निरुपयोगी आहे. मुळांनाही प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग बुरशी त्यांना कुजवते. बोट दोन इंच मातीत घाला किंवा बांबूची काडी खोल खुपसून बाहेर काढा. ओली माती चिकटून आली तर आज पाणी नाही. कोरडी आली तर भरपूर घाला, खालच्या छिद्रातून वाहीपर्यंत, आणि बशीतलं पाणी ओतून टाका. थोडं थोडं रोज घालण्यापेक्षा हे बरं. काही दिवसांनी कुंडी किंचित उचलून वजनावरूनच अंदाज येतो.

पानं बरंच काही सांगतात. खालच्या पानांवर गडद तपकिरी, काळपट डाग पसरत असतील आणि माती ओली असेल, तर मुळं कुजत असण्याची शक्यता मोठी. कडा कुरकुरीत होऊन पान मलूल झालं आणि माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली दिसली, तर झाड तहानलेलं आहे. अगदी नव्या कोवळ्या पानांवर बारीक तांबूस ठिपके दिसले तर तो बहुतेक वेळा रोग नसतो. मुळांनी पाणी शोषलं, पानाला ते बाहेर टाकता आलं नाही आणि पेशी फुटल्या, एवढंच. पान मोठं झालं की ठिपके फिके होतात. पांढरटपणे भाजलेले चट्टे उन्हाचे. ते परत हिरवे होत नाहीत, पण झाडाचं त्याने काही बिघडत नाही.

मुळं कुजल्याची शंका असेल तर कुंडीतून झाड बाहेर काढून बघाच. निरोगी मुळं कडक असतात. काळी, बुळबुळीत, वास येणारी मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि नव्या मोकळ्या मातीत लावा. बागेची माती, कोकोपीट, पर्लाइट किंवा जाड वाळू आणि थोडं गांडूळखत असं मिश्रण चालतं. नुसतं कोकोपीट पावसाळ्यात फार ओल धरतं. कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा एक-दोन इंचच मोठी घ्या. छिद्र नसलेली सुंदर सिरॅमिकची कुंडी भेट म्हणून ठीक, झाडासाठी नाही. आणि तळाशी विटांचे तुकडे घालण्याची आपली जुनी सवय? त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड थरात सहजी उतरत नाही, उलट ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ सरकतो. छिद्रावर माती अडवायला एक खापराचा तुकडा पुरे.

पानांवर पाणी फवारून दमटपणा फारसा वाढत नाही, त्यापेक्षा महिन्यातून दोनदा ओल्या फडक्याने पानं पुसा. धूळ गेली की उजेड आत शिरतो. चमक यावी म्हणून खोबरेल तेल वगैरे लावू नका. पुसताना पानाची मागची बाजू बघा, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड तिथेच लपते. सुरुवातीलाच कडुनिंबाच्या तेलाचं पाणी मारलं तर आटोक्यात येते. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवत राहा, नाहीतर झाड खिडकीकडे वाकतं. खोड काटकुळं राहिलं तर त्याचं एक कारण घरात वारा नसणं हेही आहे. वाऱ्याने हलल्यावरच खोड जाड होत जातं.

"हे झाड हवा शुद्ध करतं" असं सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर हसून पुढे जा. या समजाचा उगम नासाच्या १९८९ च्या अहवालात आहे आणि ते प्रयोग लहान बंद पेट्यांमधले होते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा आढावा घेतला. खिडकी-दारांतून येणाऱ्या हवेइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला.

आणि शेवटी, सगळी पानं गळून नुसती काठी उरली असेल तर ती लगेच फेकू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं, चीक आला, तर झाड जिवंत आहे. वरून सुकलेला भाग कापा, कुंडी सर्वात उजेडाच्या जागी हलवा, पाणी अगदी बेताचं ठेवा आणि खत घालू नका. पाच-सहा आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, खोडावर तपकिरी आवरणातला एखादा टोकदार कोंब दिसू शकतो.