तानसाच्या रानांत एक दिवस

प्रवासाची हकीकत सांगावयाची तर काशी-रामेश्वराची सांगावी, अशी आपल्याकडील रीत आहे. मी आज सांगणार आहें तो प्रवास मात्र एकाच दिवसाचा. आंबिवलीहून निघून सूर्यास्तास आंबिवलीसच परतणारा. होळी उलटल्यावर एका रविवारीं चिरंजीवांनीं मोटार काढली. पुढें ते व सूनबाई, मागें आम्ही उभयतां आणि दोन नातवंडें. शिदोरीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि घरच्या पाण्याच्या पांच बाटल्या.

गांधारीचा पूल ओलांडून आम्ही पडघ्यास मुंबई-आग्रा रस्त्याला लागलों. या मुलखांतून घाटाकडे जाणाऱ्या वाटा फार जुन्या आहेत. लोहमार्ग त्यांच्या मानानें कालचा. आगगाडी १८५४ सालीं कल्याणास आली, १८५५ सालीं आमच्या आंबिवलीवरून वासिंदपर्यंत गेली, आणि घाट चढून इगतपुरीस पोंचावयास मात्र १८६५ साल उजाडलें. वासिंद मागें पडतांच डाव्या हातास माहुलीचे सुळके दिसूं लागले. १६३६ सालीं शहाजीराजांनीं निजामशाही सांवरण्याची अखेरची झुंज याच गडावरून दिली. गड सोडावा लागला आणि निजामशाही संपली. शाळेंत हा पाठ मीं अनेक वर्षें शिकविला. परंतु गडाकडे बोट दाखवून शिकविण्याचा योग त्या दिवशीं प्रथमच आला.

आटगांवाजवळ आम्ही डावीकडे वळलों. साग, ऐन, खैर आणि बांबू यांचें रान सुरू झालें. सागाचीं पानें झडलेलीं, मधूनच पळस पेटलेला. रानाच्या पोटांत तानसाचें तळें आहे. तळें म्हणावयाचें तें रूढीनें. वस्तुतः तें नदी अडवून केलेलें धरण आहे.

गेल्या शतकाच्या मागील शतकांत मुंबईची वस्ती झपाट्यानें वाढली आणि विहिरी-तलाव पुरेनासे झाले. १८६० सालीं विहारचें पाणी शहरांत आलें, १८७९ सालीं तुळशीचें. तेंही अपुरें पडलें, तेव्हां शहराची दृष्टि खाडीपलीकडे, थेट शहापूरच्या डोंगरांत गेली. डब्ल्यू. जे. बी. क्लार्क या अभियंत्याच्या देखरेखीखालीं तानसा नदीवर सुमारें पावणेतीन किलोमीटर लांबीची दगडचुन्याची भिंत उभी राहिली, आणि १८९२ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्तें त्या पाण्याचा प्रारंभ झाला. सव्वाशेंहून अधिक पावसाळे त्या भिंतीनें अंगावर घेतले आहेत.

पाणी निर्मळ राहावें म्हणून भोंवतालचें रान राखणें भाग पडलें. १९७० सालीं या प्रदेशास अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज त्याचा विस्तार सुमारें तीनशें चौरस किलोमीटर आहे. शहराच्या तहानेनें रान वांचविलें, ही इतिहासांतील एक विलक्षण गोष्ट होय.

"आजोबा, वाघ कुठें आहे?" नातवाचा पहिला प्रश्न. वाघ येथें आतां नांदत नाहीं. बिबट्या आहे, तो दिवसा दर्शन देत नाहीं. भेकराची एक हांक मात्र ऐकूं आली. नातवाचें तोंड उतरलें, तेव्हां दशम्या सोडून मीं त्यास रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली.

रानपिंगळा हें लहानसें घुबड. इतर घुबडांप्रमाणें केवळ रात्रीचें नव्हे, तर दिवसा वावरणारें. १८७३ सालीं ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञानें त्यास नांव दिलें. १८८४ सालीं खानदेशांत डेव्हिडसन यानें शेवटचा नमुना मिळविला, आणि पुढें शंभरांहून अधिक वर्षें हा पक्षी कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं. मध्यें माइनर्ट्‌झहागेन नांवाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपणांस तो १९१४ सालीं गुजरातेंत मांडवी येथें मिळाल्याचें नोंदविलें होतें. पुढें पामेला रासमुसेन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नमुना तपासला, तों तो संग्रहालयांतून चोरलेला, पुन्हां पेंढा भरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला! ती खोटी नोंद त्यांनीं बाजूस सारली, खऱ्या जुन्या नोंदींच्या जागीं शोध केला, आणि १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सांपडला. २०१४ सालीं तो याच तानसाच्या रानांतही आढळला. आम्हांस तो दिसला नाहीं. पण नातू परतेपर्यंत प्रत्येक निष्पर्ण सागाकडे मान वर करून पाहत होता.

परतीच्या वाटेवर एका पाड्याच्या तोंडाशीं हंड्यांची रांग लागली होती. बायका टँकरची वाट पाहत उभ्या होत्या. शहापूर तालुक्यांतील कित्येक गांवपाड्यांना दर उन्हाळ्यांत ही वाट पाहावी लागते. नातीनें हातांतील बाटलीकडे पाहिलें, मग रांगेकडे, आणि म्हणाली, "आजोबा, तळें तर इथेंच आहे ना?"

मला उत्तर सुचलें नाहीं. सुचलें तें दुसरेंच कांहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं मीं परीक्षेंत प्रश्न घातला होता: तानसा धरणाचा उपयोग लिहा. सर्वांनीं लिहिलें, 'मुंबईस पाणी मिळतें.' याच बाजूच्या एका पाड्यावरून येणाऱ्या मुलानें पुढें लिहिलें होतें, 'आमच्याकडे राहत नाहीं.' मीं तें वाक्य तांबड्या शाईनें खोडलें आणि अर्धा गुण कापला. कारण पुस्तकांत तें नव्हतें.

श्रोतेहो, एका खोट्या चिठ्ठीनें पक्ष्याच्या शोधाची दिशा चुकविली. अर्धें सत्यही तेंच करितें. मुंबईची तहान खरी आहे, भिंत बांधणाऱ्यांचें कौशल्य खरें आहे, राखलेलें रानही खरें आहे. आणि ती हंड्यांची रांगही तितकीच खरी आहे. ही चौथी गोष्ट गाळून तानसाचा इतिहास सांगणें म्हणजे धरणाची भिंत दाखवून गांव लपविणें होय.

तो मुलगा आज पन्नाशीकडे झुकला असेल. कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें एवढें समजावें कीं, त्याचा अर्धा गुण त्याच्या मास्तरांनीं आज परत केला आहे.