पुसणं आणि पुसणं

लहानपणी सुट्टीत अकोल्याकडच्या गावी गेलो, की आजी म्हणायची, "बापाले पुस, अन् मंग जाय." शहरात वाढलेला मी गोंधळायचो. बाबांना कशानं पुसायचं, फडक्यानं? आजीच्या वऱ्हाडीत पुसणं म्हणजे विचारणंही होतं.

शब्द एक दिसतो, पण मुळात ते दोन आहेत. संस्कृतातल्या 'पृच्छ्'पासून विचारायचं पुसणं आलं आणि 'प्रोञ्छ्'पासून फडक्याचं. हिंदीत 'पूछना' आणि 'पोंछना' वेगळे राहिले, मराठीत मात्र दोन्ही झिजून सारखे झाले. पुढे पुस्तकी मराठीनं 'विचारणं' जवळ केलं. तरी 'विचारपूस' म्हणताना जुना अर्थ आपल्या तोंडी असतोच.

वऱ्हाडच्या इतिहासात ही दोन्ही पुसणी भेटतात. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं होतं, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी पुसल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असं महानुभाव परंपरा सांगते. पुसलं गेलेलं पुन्हा पुसून मिळवलं, म्हणा ना.

सहाशे वर्षांनी, १८७६ मध्ये, याच जिल्ह्यातल्या शेंडगावी डेबूजी जन्मला. त्याचं बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे गेलं. तोच पुढे गाडगेबाबा झाला. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न टाकायचे: कर्ज काढून लग्न का करता? देवापुढे बकरं का कापता? पोराला शाळेत का घालत नाही? सकाळी एक पुसणं, रात्री दुसरं. माणसांना प्रश्न पुसल्याशिवाय गाव स्वच्छ होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिसरी गोष्ट घरातली. आजोबा गेले त्या दिवशी बायांनी आजीचं कुंकू पुसलं. पुष्कळ वर्षांनी ती एकदा सहज बोलून गेली, "पुसलं त सायच्यायनं, पन मले कोनं पुसलं?"

वाक्य ऐकून मी गप्प झालो. दोन्ही पुसणी तिनं एकाच ओळीत आणली होती. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. राज्य सरकारनंही मग इतर गावांना तसंच करायला सांगितलं. बातमी वाचली तेव्हा आजी नव्हती.

तिचा आवाज माझ्याकडे नाही. तिला बरंच काही पुसायचं राहून गेलं. आता गावी गेलो, की तिच्या वयाच्या बायांजवळ बसतो, त्यांच्या आठवणी ऐकतो. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मात्र त्यांना पुसतो.