स्वर्गातील याजक आणि मराठी मुलूख



मी पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने ख्रिस्ती धर्मशास्त्रातला विषय का निवडावा, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडला असेल. त्याचे उत्तर एका आठवणीत आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी हिंगण्याकडच्या एका कारखान्यात होतो. आमच्या खात्यात एक ख्रिस्ती फिटर होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी तो डोळे मिटून क्षणभर बसे. एकदा मी थट्टेने विचारले, "काय हो, तुमचा भटजी कोण?" तो म्हणाला, "आमचा भटजी वर आहे. आणि तो सुतारकाम करून गेलेला आहे." मी हसलो; परंतु ते वाक्य काही डोक्यातून गेले नाही. देवाकडे आपले गाऱ्हाणे नेणारा पुरोहित हाताला घट्टे पडलेला असू शकतो, ही कल्पना मला नवीन होती.

पुढे त्यानेच मला नव्या करारातले 'इब्री लोकांस पत्र' वाचायला दिले. हे पत्र कोणी लिहिले ते ठाऊक नाही. परंपरेने ते पौलाच्या नावावर घातले, पण तिसऱ्या शतकातच ओरिजेन या विद्वानाने म्हणून ठेवले की, ते कोणी लिहिले हे देवच जाणे. लेखक अज्ञात असला तरी त्याचा युक्तिवाद एखाद्या निष्णात वकिलासारखा आहे, आणि तो समजण्यासाठी आधी यहुदी लोकांची जुनी व्यवस्था पाहिली पाहिजे.

त्या व्यवस्थेत याजकपण जन्माने मिळे. बारा वंशांपैकी लेवीचा वंश, आणि त्यातही अहरोनाचे घराणे, एवढ्यांनाच तो अधिकार. मंदिराच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात, परमपवित्रस्थानात, फक्त प्रमुख याजक जाई, आणि तोही वर्षातून एका दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, बळीचे रक्त घेऊन. त्याच्या खांद्यांवरच्या दोन रत्नांवर आणि छातीवरच्या बारा रत्नांवर बारा वंशांची नावे कोरलेली असत. म्हणजे एरवी पवित्रस्थानात तो एकटा गेला तरी सगळ्यांचे हजेरीपत्रक अंगावर घेऊन जात असे. मात्र आधी त्याला स्वतःच्या पापासाठी बळी द्यावा लागे, आणि पुढच्या वर्षी सारे पुन्हा करावे लागे.

आता अडचण अशी की, येशू यहूदाच्या वंशातला. त्या वंशाला याजकपणाचा अधिकारच नाही. नियमाने पाहिले तर तो मंदिराच्या गाभाऱ्यात पाऊलही टाकू शकत नव्हता. मग त्याला प्रमुख याजक म्हणावे कसे? पत्रलेखक येथे जुन्या ग्रंथातला एक विसरलेला माणूस उभा करतो. त्याचे नाव मलकीसदेक, शालेमचा राजा आणि परात्पर देवाचा याजक. अब्राहामाला त्याने आशीर्वाद दिला, आणि अब्राहामाने त्याला लुटीचा दशांश दिला. या माणसाचा बाप कोण, आई कोण, कूळ कोणते, याचा ग्रंथात उल्लेख नाही. त्याला कुलवृत्तांतच नाही! आणि तरीही लेवीच्या पणजोबाने त्याच्यापुढे मान लववली. 110 व्या स्तोत्राचा आधार घेऊन लेखक म्हणतो की, ख्रिस्ताचे याजकपण या जातीचे आहे. ते वंशावरून आलेले नाही.

दुसरा मुद्दा स्थानाचा. हा याजक हातांनी बांधलेल्या मंदिरात गेला नाही, तो प्रत्यक्ष स्वर्गात गेला, आणि त्याने स्वतःचाच बळी एकदाच, कायमचा दिला. मंदिरातला याजक रोज उभा राहून तेच बळी पुन्हा पुन्हा देई. हा मात्र काम पुरे करून देवाच्या उजवीकडे बसला. बळीचे काम संपले, पण रदबदलीचे संपले नाही. आपल्या लोकांसाठी मध्यस्थी करायला तो सदैव जिवंत आहे, असे हे पत्र सांगते. इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले आणि अहरोनाच्या याजकांचे काम थांबले. ज्यांच्या याजकाला दगडी मंदिराची गरज उरली नव्हती, त्यांचा धर्म त्या राखेतून पुढे चालत राहिला.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जवळचा. आमच्या दुबळेपणाविषयी ज्याला सहानुभूती वाटू शकत नाही असा हा याजक नव्हे, असे पत्र म्हणते. तो भुकेला झाला, त्याची परीक्षा झाली, तो रडला. म्हणून श्रद्धावानाने भीत भीत नव्हे, तर धैर्याने कृपेच्या सिंहासनापुढे जावे. मी तरुण असताना आमच्या कराराची बोलणी एका बाहेरच्या पुढाऱ्याने केली. माणूस लबाड नव्हता, पण त्याने रात्रपाळी कधी केलेली नव्हती. करार झाला, हार घातले गेले, आणि मग कळले की रात्रपाळीच्या भत्त्याचे कलमच राहून गेले आहे. तीन वर्षे आम्ही ते सोसले. जो आमच्यातला नाही त्याला आमचे दुखणे आठवत नाही. हे पत्र वाचताना मला तो करार आठवला.

या शिकवणुकीचा अर्थ ख्रिस्ती लोकांनीही एकाच रीतीने लावला नाही. रोमन कॅथलिक मंडळी म्हणते की, वेदीपाशी उभा असलेला धर्मगुरू हा दुसरा याजक नव्हे. त्या एकाच याजकाचे काम त्याच्या हातून घडते. लूथरने 1520 मध्ये सांगितले की, बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1964 मध्ये सर्व श्रद्धावंतांच्या सामाईक याजकपणाचा स्पष्ट उच्चार केला.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. नागपुरात 1845 साली स्टीफन हिस्लॉप आले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपण रोज पाहतो तेच हे. त्यांना पाठवणारी स्कॉटलंडची फ्री चर्च ही मंडळी तेव्हा अवघी दोन वर्षांची होती. जमीनदाराने गावावर आपल्या मर्जीचा पाद्री लादावा ही रीत झुगारून 18 मे 1843 रोजी एडिनबरोत साडेचारशेहून अधिक पाद्री पगार आणि राहती घरे सोडून बाहेर पडले होते. मंडळीचा मस्तक ख्रिस्त आहे, जमीनदार नव्हे, हा त्यांचा दावा. आम्ही कामगार याला काय म्हणू ते सांगायला नको! हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटजवळ, जुनी शिलावर्तुळे पाहून परतताना, पुराच्या पाण्यात बुडून वारले. त्यांनी शाळा काढली, गोंडांची भाषा आणि गीते टिपली, इथल्या दगडांचा अभ्यास केला.

पण या कल्पनेची खरी कसोटी मराठी माणसांनी घेतली. पंडिता रमाबाईंचेच पाहा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थामागून तीर्थे हिंडत, दानदक्षिणा देत त्यांच्या कुटुंबाची सगळी पुंजी सरली, आणि दुष्काळात आईबाप गेले. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील धर्मभगिनी जेव्हा त्यांना मंडळीची आज्ञा निमूटपणे मानायला सांगू लागल्या, तेव्हा बाईंनी पत्रातून कळवले की, मोठ्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून काढले आहे, तसलेच दुसरे घ्यायला मी तयार नाही. हे उद्धट बोलणे नव्हते. याजक एकच आहे असे तुम्हीच शिकवता, तर मग तुम्ही मध्ये का, असा तो सरळ प्रश्न होता. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व साऱ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले, कारण साध्या बाईला ते स्वतः वाचता आले पाहिजे. 1922 च्या एप्रिलमध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते काम पुरे केले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नागपूरशी नाते जवळचे. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते येथे ग्रंथसंपादन करीत. पुढे राजनांदगावच्या आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे ते म्हणत. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. परंतु मिशनच्या पगारावर जगणारी मंडळी मिशनऱ्याच्या तोंडाकडे पाहते, हे त्यांना सलत राहिले. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती.

अर्थात सत्य लपवून चालणार नाही. ज्या मंडळीने जन्मसिद्ध याजकपण नाकारले, तिच्यातही जात शिरली. बाकावर शेजारी बसणारे लग्नाच्या वेळी जात विचारू लागले. सिद्धान्त स्वर्गात राहिला आणि रूढी जमिनीवर. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला तो देव आणि माणूस यांच्यामधला दलाल हटवण्यासाठी. पहिले कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे याच समाजाचे. डॉ. आंबेडकरांनी 1936 च्या आपल्या निबंधात मागितले की, पुरोहितपण वंशपरंपरेने मिळू नये, त्यासाठी परीक्षा असावी. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी याच नागपुरात, भिक्खू चंद्रमणींकडून स्वतः दीक्षा घेतल्यावर, भिक्खू नसलेल्या बाबासाहेबांनी लाखो लोकांना आपल्या तोंडाने दीक्षा दिली. या वाटा वेगळ्या आहेत, त्यांची खिचडी मी करीत नाही. पण जन्माच्या जोरावर दारात बसलेला माणूस उठला पाहिजे, ही ओढ सर्वांची एकच आहे.

तो फिटर आता हयात नाही. त्याच्या दफनाच्या वेळी याच पत्रातला भाग वाचला गेला. खड्ड्याभोवती आम्ही कामगार उभे होतो, बहुतेक सगळे दुसऱ्या धर्मांचे. मला एवढे दिसले की, त्याची बायको रडत होती, पण घाबरलेली नव्हती. आपले नाव कोणाच्या तरी छातीवर कोरलेले आहे, असे तिला वाटत होते. स्वर्गातल्या याजकाचा श्रद्धावानाला काय उपयोग, याचे मी पाहिलेले उत्तर हे. त्या श्रद्धेत मी वाटेकरी आहे की नाही, हा प्रश्न आज गौण आहे. मात्र तेव्हापासून बोलणी करायला आत जाताना मी दोन गोष्टी स्वतःला विचारतो: बाहेर उभ्या असलेल्यांची नावे मी बरोबर घेतली आहेत ना, आणि माझ्यामागे दार उघडे राहिले आहे ना?