मयेचं तळं : बागेपलीकडचा गाव

डिचोलीकरांना उद्यान म्हटलं की मयेचं तळं आठवतं. रविवारी पोरांना घेऊन जायचं, पेडल मारायच्या होडीत एक फेरी, काठावर चहा, की परत. 2018 पासून तिथे बंजी जम्पिंगचा मनोराही उभा आहे, त्यामुळे आता बाहेरची तरुण मंडळी जास्त दिसतात. मी मात्र अलीकडे तळ्यावर जातो ते काठावरून गावात शिरायला. तीन बाजूंच्या टेकड्या, खाली कुळागरं, आणि त्या कुळागरांत राहणाऱ्या माणसांची एक विलक्षण गोष्ट.

आधी देवीची. मयेची महामाया ही सात बहिणींपैकी एक. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय या तिच्या शेजारच्या बहिणी. मोरजाई पार पेडण्यात, मोरजीला. आणि एक म्हापशाची मिलाग्रिस सायबीण! हिंदू देवींची बहीण चर्चमध्ये, याचं इथल्या कुणाला नवल वाटत नाही. कथा खरी की खोटी हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. डिचोली 1781 मध्ये पोर्तुगिजांकडे गेली, पेडणे 1788 मध्ये. पण तालुक्यांच्या आणि धर्मांच्या सीमा ओलांडणारं हे नातं लोकांनी टिकवलं, हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि ती कथा नव्हे. पोर्तुगीज काळात मये गाव 'मयेचा कोंद' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्याच्या मालकीचा होता. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, मालक निघून गेले. मग 1964 च्या कायद्याने ही जमीन 'स्थलांतरितांची मालमत्ता' ठरली आणि सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात आली. बाकीच्या गोव्यात कुळांना, मुंडकारांना कायद्यांचा आधार मिळत गेला. मयेकरांची गाठ मात्र कस्टोडियनशी. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माडांना, पोफळींना पाणी घातलं, ज्या घरात बाळंतपणं झाली, त्याच्या कागदावर आपलं नाव नाही. घराची भिंत वाढवायची तरी कुणाकडे जायचं? देश मोकळा झाला, आमचा गाव कधी, असं मयेकर म्हणत आले ते उगाच नव्हे.

आंदोलनं झाली, निवडणुकांत आश्वासनं झाली (ती तर दर पाच वर्षांनी). शेवटी 2014 मध्ये मयेसाठी वेगळा कायदा झाला. म्हणजे मुक्तीनंतर त्रेपन्न वर्षांनी. त्यापुढेही सनदा लोकांच्या हातात पडायला काही वर्षं गेली.

तळ्यावर जाणार असाल तर होडी जरूर करा, पण गाडी तिथेच ठेवून गावातून थोडं चाला. महामायेच्या देवळाकडे रस्ता विचारला की कुणीही सांगेल. आणि एखाद्या अंगणात म्हातारं माणूस बसलेलं दिसलं, तर सनद मिळाली का, एवढंच विचारा. मग तासभर तरी तुमची सुटका नाही.