पूल अडला, पण तो अडवला कुणी?

 

परवा नदीवरच्या पुलाच्या रुंदीकरणाची सुनावणी झाली. पत्रकारांच्या खुर्चीत मीही होतो. वडाची झाडं, घाटाच्या पायऱ्या, दुकानं, सगळ्यांवर लोक बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निधी आलाय, तो परत पाठवायचा का?" सभागृह गप्प. मला मात्र न्यूयॉर्कचे रॉबर्ट मोझेस आठवले.

मोझेस लोकांमधून कधीच निवडून आले नाहीत. १९३४ ला गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि दणकून आपटले. पण उद्यानखातं त्यांच्याकडे, आणि ट्रायबरो पुलाचं प्राधिकरणही त्यांच्याकडे. म्हणजे टोलचा पैसा हातात. ब्रुकलिन ते मॅनहॅटनचं दक्षिण टोक, ज्याला बॅटरी म्हणतात, तिथवर पाण्याखालून बोगदा करायचा असं शहराचं ठरत आलं होतं. पण शहराकडे पैसा नव्हता. जानेवारी १९३९ मध्ये मोझेसनी जाहीर केलं, बोगदा नाही, पूल होणार. खर्च निम्मा. पैसा माझ्याकडे आहे, हवा तर पूल घ्या, नाहीतर काहीच नाही.

लोक का चिडले? बॅटरी पार्क ही समुद्राकाठची मोकळी जागा. तिथून पुलाचा अवाढव्य चढ जाणार होता. तिथेच कॅसल क्लिंटन हा जुना किल्ला. १८५५ ते १८९० या काळात सुमारे ८० लाख स्थलांतरित त्याच्या दारातून अमेरिकेत आले. पुढे त्यात मत्स्यालय झालं, गरिबांच्या पोरांनाही फुकट बघता येणारं.

विरोधकांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही, त्यांनी हिशोब मांडला. मॅनहॅटनचे बरो अध्यक्ष स्टॅनली आयझॅक्स यांनी विचारलं, जोडरस्त्यांचा खर्च कुठे धरलाय? आजूबाजूच्या इमारतींची किंमत पडून शहराचा कर बुडेल, तो कोण भरणार? मार्च १९३९ च्या सुनावणीत मोझेसनी याची उत्तरं देण्याऐवजी माणसांवरच तोंडसुख घेतलं. सत्तरीला टेकलेले जॉर्ज मॅकअॅनेनी, ज्यांनी शहरासाठी आयुष्य घातलं, त्यांना भर सभेत उकरून काढलेली ममी म्हटलं. तरीही सिटी कौन्सिलने पूल मंजूर केला, राज्याच्या विधिमंडळानेही केला.

मग पूल अडला कसा? ऐंशी वर्षांचे वकील सी. सी. बर्लिंगहॅम यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना लिहिलं. एलिनॉर रूझवेल्ट यांनी एप्रिलमध्ये आपल्या वर्तमानपत्री सदरात या पुलाविषयी नाराजी मांडली. जहाजांच्या वाटेवरच्या पुलाला युद्धखात्याची परवानगी लागायची. जुलै १९३९ मध्ये युद्धमंत्री वुडरिंग यांनी ती नाकारली. कारण काय, तर युद्धात पूल पडला तर नौदलाच्या गोदीची वाट बंद होईल. गंमत बघा, त्याच गोदीच्या वाटेवर ब्रुकलिन ब्रिज आणि मॅनहॅटन ब्रिज आधीपासून उभे होते! रूझवेल्ट आणि मोझेस यांचं जुनं वैर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे लोकांचा मुद्दा बरोबर होता, पण पूल त्या मुद्द्यावर अडला नाही. वरच्या माणसाच्या मर्जीने अडला.

आणि मर्जीने मिळालेला विजय टिकतो किती? १९४१ मध्ये मोझेसनी मत्स्यालय बंद केलं आणि किल्ला पाडायचा घाट घातला. बोगद्याचं प्राधिकरणही १९४६ ला त्यांच्याच पंखाखाली आलं. २५ मे १९५० ला बोगदा खुला झाला. ज्याला विरोध केला, त्याचाच टोल साहेबांच्या तिजोरीत!

पण किल्ला वाचला. आणि तो मात्र लोकांनी वाचवला. तीच "ममी" आणि बरोबरची माणसं हटली नाहीत. कोर्टात गेली, वॉशिंग्टनपर्यंत वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९४६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कॅसल क्लिंटनला राष्ट्रीय स्मारक केलं. आजही तो तिथे उभा आहे.

आपल्यामागे कुणी रूझवेल्ट नाही. त्यामुळे नुसत्या भाषणांनी भागणार नाही. आपला पूल अरुंद आहे, हे मलाही मान्य आहे, रोज मीही तिथे अडकतो. पण माहिती अधिकारात तीन कागद मागा: जोडरस्त्यांचा खर्च, भूसंपादनाचा खर्च, आणि गावाबाहेरून दुसऱ्या पुलाचा अंदाज काढला होता का. हरकतीची मुदत अजून आहे. लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. तोंडी हरकत सभागृहातच राहते, शिक्का मारलेला कागद कोर्टापर्यंत जातो.